सुक्याबरोबर ओलं? नो चान्स!

लंडनमध्ये सध्या चूल 'इन' आहे. खोटं वाटतंय ना? आपल्या आज्यांनी डोळे पुसत, फुंकणी फुंकत जिच्यापुढे आयुष्य घालवलं, तिचीच एक ओतीव लोखंडाची, काचेचं दार लावलेली चुलत बहीण तिथल्या हॉलमध्ये मानाने बसलेली असते. नाव वुडबर्निंग स्टोव्ह. इंटीरियरच्या मासिकांत तिच्याशेजारी हमखास एक झोपाळू कुत्रा आणि विणलेली शाल. किंमत विचारताय? स्टोव्ह, धुराड्यात सोडायचा स्टीलचा पाइप आणि बसवणाऱ्याची मजुरी धरून माझ्या ताईला साडेतीन हजार पौंडांचं कोटेशन आलं होतं. रुपयांत करून बघू नका, त्रास होतो.

ताई आणि भावोजी दक्षिण लंडनमध्ये राहतात. घर व्हिक्टोरियन टेरेस, म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून रांगेत उभं असलेलं. हॉलमध्ये जुनी फायरप्लेस आहे, प्लायवूड ठोकून बंद केलेली. २०२२ मध्ये तिकडे गॅस आणि विजेची बिलं भडकली, तेव्हापासून त्या प्लायवूडकडे बघून ताईचे डोळे चमकायला लागले. अर्थात, बिल हे निमित्त. खरं कारण म्हणजे तिला आजोळ आठवतं. गुहागरजवळ आमचं आजोळ. तिथे मे महिन्यातसुद्धा पहाटे बंब पेटायचा आणि त्या धुराचा वास आंघोळीच्या पाण्यालाही यायचा. लंडनच्या जानेवारीत दुपारी चारला अंधारून आलं की माणसाला असं काहीतरी हवंसं वाटणारच.

गेल्या हिवाळ्यात मी सहा आठवडे तिच्याकडे होते. फ्रीलान्सर असल्याचा हा एक फायदा, लॅपटॉप उघडला की झालं ऑफिस. तोटा असा की घरच्यांना आपण म्हणजे फुकटातलं रिसर्च डिपार्टमेंट वाटतो. "तू मासकॉम केलंयस ना? मग शोध ना कुठला स्टोव्ह घ्यायचा ते," ताई म्हणाली. भावोजी आयटीतले, त्यांची स्प्रेडशीट आधीच तयार होती. बावीस मॉडेल्स, अकरा रकाने. रंगाचा रकाना ताईने घुसवलेला.

मुळात लाकूड जाळायला परवानगी आहे का, इथून सुरुवात झाली. लंडनचा बहुतेक भाग 'स्मोक कंट्रोल एरिया' आहे. तिथे तुमच्या धुराड्यातून धूर निघाला तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. एक तर सरकारमान्य बिनधुराचं इंधन जाळा, नाहीतर सूट मिळालेला स्टोव्ह वापरा. त्या मान्य इंधनांत साधं लाकूड नाहीच. त्यामुळे उघड्या फायरप्लेसमध्ये ओंडका टाकून रोमँटिक व्हायचं, तर ते बेकायदेशीर रोमँटिक!

या कडकपणाला इतिहास आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ हे पाच दिवस लंडनवर धूर आणि धुकं यांची गोधडी पडली होती. घरोघरी जळणारा कोळसा, कारखाने आणि वारा ठप्प. तेव्हाच्या सरकारी अंदाजानुसार सुमारे ४ हजार माणसं गेली, नंतरच्या संशोधकांनी हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. त्यातून १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला आणि धूरबंदीचे हे विभागही. ताईच्या शेजारच्या आजीबाई तेव्हा शाळेत होत्या. "मी आईचा हात धरला होता, पण आई दिसत नव्हती," त्या मला म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या कुंड्यांकडे वळल्या.

आता सूट मिळालेला स्टोव्ह म्हणजे काय, ते बघू. डेफ्रा, म्हणजे तिथलं पर्यावरण खातं, ठरावीक चाचणी पास झालेल्या मॉडेल्सची यादी ठेवतं. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात. ते न जळता वर गेले तर तोच धूर. या स्टोव्हमध्ये ज्वाळांच्या वरच्या अंगाला जास्तीची गरम हवा सोडतात, त्यामुळे ते वायू तिथल्या तिथे पेटतात. दुसरी गंमत म्हणजे हवेची फट पूर्ण बंदच करता येत नाही. रात्री झोपताना विस्तव राखेत दाबून ठेवायची आपली जुनी युक्ती इथे चालत नाही, कारण धुमसणारं लाकूड हीच तर धुराची फॅक्टरी. २०२२ पासून नव्या स्टोव्हना 'इकोडिझाइन'चे नियमही पाळावे लागतात. पण इकोडिझाइनचं लेबल आहे म्हणून डेफ्राची सूट आहेच, असं नाही. ती यादी वेगळी. भावोजींच्या स्प्रेडशीटला त्या दिवशी बारावा रकाना फुटला.

मग आम्ही शोरूमला गेलो. सेल्समन बोलायला एकदम सॉल्लिड. हॉल न बघता, न मोजता त्याने आठ किलोवॅटचा स्टोव्ह दाखवला. "मोठा घ्या, कमी आचेवर चालवा," हा त्याचा फंडा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण आहे नेमकं उलटं. तिकडे एक ढोबळ हिशेब वापरतात : खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणायची आणि १४ ने भागायचं. ताईचा हॉल साडेचार बाय तीन पॉइंट सहा, उंची दोन पॉइंट सात. म्हणजे जवळजवळ ४४ घनमीटर, म्हणजे तीनच्या आसपास किलोवॅट! त्या खोलीत आठचा स्टोव्ह लावला, तर अर्ध्या तासात सगळे बनियनवर येणार. मग कोणीतरी हवा कमी करणार, लाकूड धुमसणार, काच काळी होणार आणि पाइपात डांबरासारखी काजळी धरणार. थोडक्यात काय, छोटा आणि जोमाने जळणारा स्टोव्ह मोठ्या आणि पेंगणाऱ्या स्टोव्हपेक्षा केव्हाही बरा. पाच किलोवॅटपर्यंतच्या स्टोव्हचा आणखी एक फायदा असा की जुन्या, फटींच्या घरांत त्याच्यासाठी भिंतीला कायमचं भोक सहसा पाडावं लागत नाही. (नवी हवाबंद घरं असतील तर मात्र लागतं.)

बसवण्याची कटकट लवकर संपवते. हेटासकडे नोंदलेला माणूस बोलवा, नाहीतर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवून काम करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे, आणि तसा नसता तरी लावाच. धुराडं वर्षातून निदान एकदा झाडून घ्या.

खरी मजा सरपणात आहे. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण आपण उगाच मोठ्या माणसांच्या भांडणात वापरतो. ती मुळात चुलीपुढची आहे आणि चुलीपुढे ती सपशेल तोट्याची आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजनसुद्धा पाण्याचं असू शकतं. ते पाणी उकळून उडवण्यातच आच खर्च होते. इंग्लंडमध्ये २०२१ च्या मे महिन्यापासून दोन घनमीटरपेक्षा कमी मापात विकलं जाणारं जळाऊ लाकूड २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलं असून चालत नाही. पिशवीवर 'रेडी टू बर्न'चा शिक्का बघायचा. ताई शिक्क्यावर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. तिने स्टोव्हच्या आधी तेरा पौंडांचा मॉइश्चर मीटर आणला! दोन टोकदार सुया असलेलं हे खेळणं लाकडाच्या सालीवर टोचायचं नसतं. ढलपी फोडायची आणि आतल्या ताज्या बाजूला टोचायची. वरून खडखडीत दिसणारा ओंडका आतून किती ओला असतो, ते तेव्हा कळतं. (माणसांसाठी असा मीटर निघाला तर लग्नं जुळवणाऱ्यांचा धंदा बसेल.) पेटवायचंही उलटं. मोठी लाकडं खाली, काटक्या वर आणि काडी सगळ्यात वर. आग वरून खाली उतरते, त्यामुळे खालून निघणारे वायू ज्वाळेतूनच जातात आणि सुरुवातीचा धूर बराच कमी होतो. आजीला हे सांगितलं असतं तर तिने मला चुलीजवळ फिरकू दिलं नसतं.

तर असं करत करत आमचं ठरलं. चार किलोवॅट, डेफ्राच्या यादीतला, फक्त लाकडाचा. रंग काळा. पैसे भरायचेच बाकी होते आणि तेवढ्यात २०२० सालचा एक अभ्यास माझ्या वाचनात आला. शेफील्डमधल्या २० घरांतल्या स्टोव्हजवळ संशोधकांनी हवा मोजणारी यंत्रं ठेवली होती. जवळजवळ सगळे स्टोव्ह सूट मिळालेलेच. तरी लाकूड घालायला दार उघडलं की खोलीतल्या बारीक कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा, आकडा टुणकन वर जायचा. चाचणी धुराड्यातून काय बाहेर पडतं त्याची होते. दारातून सोफ्याकडे काय येतं, त्याची नाही.

त्या सोफ्यावर माझा भाचा बसतो. वय वर्षं सात, डायनोसॉर एक्स्पर्ट आणि दमेकरी. सकाळ-संध्याकाळ त्याचा ब्राउन इनहेलर असतो, आणि दप्तरात निळा. ताईचं घर जिथे आहे, तिथून लुइशम फार लांब नाही. तिथे राहणारी नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा २०१३ मध्ये दम्याने गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच झालं. तो धूर मुख्यतः गाड्यांचा होता, स्टोव्हचा नव्हे. पण फुप्फुसाला धुराचा पत्ता विचारायची सवय नसते.

मी हे ताईला सांगितलं तेव्हा ती चिडली. "तू सगळ्यावर पाणीच ओत! तुला काय माहीत इथला हिवाळा?" म्हणाली. मग जरा वेळाने, भांडी घासता घासता, तिनेच आजीचा विषय काढला.

आजीकडे एकदा 'निर्धूर चूल' आली होती. ऐंशीच्या दशकात सुधारित चुलींची सरकारी योजना निघाली, त्यातली. दोन वैलांची, सिमेंटची, छपरातून पाइप बाहेर काढलेली. ताईने ती बघितलेली आहे, मी नाही. पहिल्यांदा झकास चालली म्हणे. मग पाइपात काजळी साठली. तो साफ कोण करणार, कशाने करणार, हे काही कोणी सांगून गेलं नव्हतं. एका पावसाळ्यात पाइपाच्या भोकातून पाणी गळायला लागलं, तेव्हा मामाने पाइपच काढून टाकला आणि आजी परत आपल्या मातीच्या चुलीपुढे. गॅस खूप उशिरा आला. मी सातवीत असताना तिला चिपळूणला डॉक्टरकडे नेलं होतं. एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, "आजी, विडी किती वर्षं ओढता?" जन्मात विडीला हात न लावलेली आजी इतकी हसली, इतकी हसली, की तिला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना.

आपल्याकडे २०१६ मध्ये सरकारने बायकांना चुलीपासून सोडवायला उज्ज्वला योजना आणली. तिकडे ज्यांच्याकडे चांगलं सेंट्रल हीटिंग आहे, ते पैसे मोजून चूल घरात आणतात. मला यात कोणाला हसायचं नाहीये. खेड्यात राहत असाल, दुसरं हीटिंग नसेल, स्वतःच्या झाडाचं सुकं लाकूड असेल, तर एक छोटा चांगला स्टोव्ह समजू शकते. पण लंडनच्या रांगेतल्या घरात, रेडिएटर चालू असताना, केवळ माहोल म्हणून? आपल्या धुराड्यातून निघालेलं शेजारच्या आजीबाईंच्या खिडकीतच जाणार. सूट कायद्यातून मिळते, त्यांच्या श्वासातून नाही.

भावोजी दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "दार हळू उघडलं तर?" हळू उघडलं तर कण कमी येतात, हे खरं आहे. ज्वाळा विझून निखारे उरल्यावरच लाकूड घातलं तर आणखी कमी. ताईने हात पुसले आणि म्हणाली, "आणि तो आत आला की आपण काय करायचं? त्याला सांगायचं, बाळा, आई लाकूड घालतेय, श्वास घेऊ नको?"

कोटेशन परत गेलं. प्लायवूड काढून फायरप्लेस मात्र त्यांनी उघडली, आत पितळी समया ठेवल्यात आणि धुराड्याचं तोंड बंद केलंय, नाहीतर गार वारा येतो. भावोजींनी स्प्रेडशीट अजून डिलीट केलेली नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

मॉइश्चर मीटर मी घेऊन आले. जुलैमध्ये आजोळी गेले होते. मामीकडे गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी अजून बंबावरच. पडवीत रचलेल्या सरपणातली एक ढलपी फोडून मी सुया टोचल्या. आकडा आला २९. मामीला म्हटलं, हे लाकूड लंडनमध्ये विकताच येणार नाही, वीसच्या आत हवं. मामीने बंबातली राख काढता काढता माझ्याकडे बघितलं.

"मग पावसाला सांग की," ती म्हणाली. "आणि ते यंत्र बाजूला ठेव आधी, पाणी तापायचंय."