पाणी आधी, मासे नंतर



आपल्या समूहात जुन्या वाड्यांच्या आठवणी बऱ्याच येतात. मी आज अगदी ताजी गोष्ट लिहितोय. वयाच्या ७४व्या वर्षी आम्ही बडोद्यात घरामागच्या अंगणात तळं बांधलं आणि त्यात कोई मासे सोडले. फोटो पाहून कित्येकांनी तीन प्रश्न विचारले: खर्च किती आला, मासे मरत नाहीत का, आणि या वयात हे कशाला? उत्तरं त्याच क्रमाने देतो. शेवटच्याला जरा वेळ लागेल.

खर्च आधी, कारण छत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. पाच मासे १,२५० रुपयांचे. तळं, फिल्टर, पंप, जाळी मिळून ७२ हजार. म्हणजे पैसा सगळा पाण्याचा, मासे जवळजवळ फुकट. या छंदाचं मर्मही तेच आहे. आपल्याला वाटतं आपण मासे पाळतो. प्रत्यक्षात पाळायचं असतं पाणी.

कोई म्हणजे कार्प जातीचाच मासा, रंगीत. जपानच्या निगाता भागात डोंगरातले भातशेती करणारे लोक हिवाळ्यात खायला म्हणून कार्प पाळायचे. एकोणिसाव्या शतकात त्यांत मधूनच रंगाची पिल्लं निघू लागली, ती त्यांनी खाण्याऐवजी जपली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि मग जगभर पसरली. जपानी नाव निशिकिगोई. निशिकी म्हणजे आपला किनखाब. गायकवाडांच्या गावात वाढलेल्या माणसाला हे नाव लगेच पटतं! कलकत्त्याला माझी बदली होती तेव्हाच्या एका बंगाली सहकाऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "रस्सा कसा करता?" त्यांच्याकडे कोई म्हणजे वेगळाच मासा, खायचा.

आता तळं. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, पाणी साडेतीन फूट. गुणाकार केला तर २१० घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर साधारण सहा हजार लिटर. उथळ तळं आपल्या उन्हाळ्यात चहासारखं तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून खोली हवीच. जागा कडुनिंबाच्या सावलीपासून थोडी दूर घेतली, कारण पानगळ. त्याऐवजी वर हिरवी जाळी. तिचा दुसरा उपयोग म्हणजे ढोकरी आणि खंड्या. दोघेही रोज सकाळी पाहणी करून जातात.

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि पाणी इतकं खारवट होतं की माशांचे कल्ले भाजतात. कडियाने सांगितलं, "साहेब, केळीचा खुंट कापून टाका." टाकला. आठवड्याने पाणी सोडून दिलं, पुन्हा भरलं. असं तीनदा. पहिल्यांदा सामू नऊच्या वर होता, तिसऱ्या भरणीनंतर आठच्या आसपास आला. सोडलेलं पाणी बागेतल्या नारळाला गेलं.

शेवटची भरणी आजव्याच्या नळाच्या पाण्याने. सयाजीराव महाराजांनी शहराची सोय करून ठेवली ती अजून चालते आहे. पण नळाला क्लोरीन असतं. माणसाला ते चालतं, माशाला नाही. त्यावर हायपो टाकायचा. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना हा शब्द ओळखीचा असेल, तेच हे.

यानंतरचा भाग सगळ्यांची परीक्षा पाहतो. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. तो त्यांचंच विष. फिल्टरमध्ये वाढणारे जंतू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे बरंचसं निरुपद्रवी. हे जंतू बाजारातून आणून एका दिवसात कामाला लागत नाहीत. त्यांना पाच-सहा आठवडे लागतात. मी निळ्या पिंपाचा फिल्टर केला, आत ब्रश, स्पंज आणि प्लास्टिकच्या गोळ्या. ६० वॉटचा पंप, तासाला तीन हजार लिटर, चोवीस तास. महिन्याला ४३ युनिट, हिशेब करून ठेवलाय. मासे नसताना रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो आणि जंतूंची भूक भागते. दुकानदार म्हणत होता, "काका, आजच घेऊन जा, डझन देतो." मी म्हटलं, खात्यात शिल्लक नसताना चेक फाडत नाही.

तर दीड महिना आम्ही रिकामं तळं राखलं. सोसायटीतली पोरं येऊन बघून जायची. "काका, आमां तो खाली पाणी ज छे!" शेजारच्या पटेलांची नववीतली मुलगी मात्र रोज संध्याकाळी यायची. नळीत थेंब टाकून रंग ताडून पाहायचा, तो वहीत मांडायचा, हे तिने आपणहून घेतलं. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढला, तिसऱ्यात नायट्राइट, सहाव्यात दोन्ही शून्यावर. तिने वहीत शून्याला तांबड्या शाईने दुहेरी रेघ ओढली. आमच्या लेजरसारखी.

मग मासे. हजार लिटरला एक, या हिशेबाने पाचच. देशी पैदाशीचे, पाच-सहा इंची. पांढऱ्यावर तांबडा तो कोहाकू, त्यात काळे ठिपके आले की सांके. डोक्यावर एकच लाल टिळा असतो तो तांचो. हिने तोच धरला. "हा कुंकू लावून आलाय." टिळा जरा तिरका म्हणून स्वस्त मिळाला. आणल्यावर तीन आठवडे ३०० लिटरच्या टाकीत वेगळे ठेवले. त्यात ९०० ग्रॅम खडे मीठ, म्हणजे लिटरला तीन ग्रॅम. रोग असेल तर तिथेच दिसावा. मग पिशवी तळ्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवली, पाण्याची ऊब सारखी झाल्यावर मासे जाळीने आत घेतले. पिशवीतलं पाणी बाहेर.

आता तिसरा प्रश्न. मुलगा टोरांटोला, मुलगी पुण्यात. आमच्या रांगेतल्या सहा बंगल्यांपैकी चार विकले गेले. बिल्डरचा माणूस दिवाळीला मिठाई देऊन जातो. मुलांचं म्हणणं, पुण्यात या, फ्लॅट घेऊ. तळं खणायला घेतलं तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, कोई पंचवीस-तीस वर्षं जगतात. तुम्ही चौऱ्याहत्तर." बेरीज त्याला येते, वाणिज्य शाखेचाच आहे.

मी त्याला सांगितलं ते इथे लिहितो. आमचे पणजोबा साताऱ्याहून गायकवाडी चाकरीत आले, तेव्हा त्यांनी दांडिया बाजारच्या वाड्यात हौद बांधला. हौदात डास होऊ नयेत म्हणून मासे सोडलेले असत. पणजोबा गेले, आजोबा गेले, हौदाला मासे होतेच. मोजून-मापून जगणारा माणूस असं काही बांधत नाही. ते बांधलं, म्हणूनच चार पिढ्या या गावाच्या झाल्या. वाडा गेला, हौदही गेला. आता आम्ही दोघंच. बडोद्यात फाटकाशी आलेला माणूस हाक मारतो, "कोई छे?" गेली दोन-तीन वर्षं ती हाक आली की ही माझ्याकडे बघायची. हल्ली ती स्वयंपाकघरातूनच उत्तर देते, "पाच छे!"

तरी बँकवाला तो बँकवाला. मासे घेताना मी नॉमिनी नेमला. फाईलमध्ये एक पान आहे: खाद्य पाच मिनिटांत संपेल इतकंच, उन्हाळ्यात हवेचा पंप इन्व्हर्टरवर, एका वेळी पाव पाणीच बदलायचं. खाली पटेलांच्या मुलीचं नाव आणि तिच्या वडिलांची सही. आम्ही पुण्याला गेलो किंवा वर गेलो, मासे तिच्याकडे. तिने विचारलं, "काका, तळं पण?" ते मात्र उत्तर अजून बाकी आहे. मुलाने मागच्या रविवारी पहिल्यांदाच बंगल्याची किंमत न विचारता नायट्राइट विचारलं.

तुमच्या घरी हौद होता का? इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, कुठेही. त्यात मासे कोण सोडायचं, आणि हौदाचं पुढे काय झालं, जरूर लिहा.