पेवातली ज्वारी आणि भुकेचा नकाशा

माणदेशातल्या आमच्या घरी वर्षाचा दाणा तीन ठिकाणी असे. रोजच्या वापराची ज्वारी शेणानं सारवलेल्या कणगीत, त्यामागची माजघरातल्या बळदात आणि सगळ्यात मागची अंगणाखालच्या पेवात. पेवाला हात लावायचा तो पावसानं दगा दिला तरच. बऱ्याच महिन्यांनी तोंड उघडलं की आत लगेच कुणाला उतरू देत नसत. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. तळची ज्वारी पिवळी पडलेली, उग्र वासाची. आम्हा पोरांना तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. आज्जी मात्र शेवटचा तुकडाही पुसून खायची. तिनं मानमोडी पाहिली होती.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेत गावोगाव पोचला. नेमका त्याच वर्षी पाऊसही गेला. आज्जी तेव्हा परकरी पोर. ती तापाबद्दल कमी आणि पोटाबद्दल जास्त बोलायची. घरातली सगळी माणसं एकदम अंथरुणाला खिळली, जात्यावर बसायला कुणी उरलं नाही, म्हणजे दाणे असूनही चूल थंड. मग जी बाई उभी राहू शकत होती ती चार घरांच्या कण्या शिजवून दारात ठेवून जायची. देशभरात त्या साथीनं एक कोटीहून अधिक माणसं नेली. त्यांतली तापानं किती आणि भुकेनं किती, हे वेगळं काढणं अवघडच.

भुकेची चाहूल घ्यायची रीत तेव्हाही होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जे दुष्काळ-संहितेचे नियम झाले, त्यांत अधिकाऱ्यांनी कशावर नजर ठेवायची ते लिहिलेलं होतं: धान्याचे भाव चढतात का, उधारी आखडते का, चोऱ्या वाढतात का, माणसं गाव सोडून वाट फुटेल तिकडे निघतात का. ही खबर खालून वर जाईपर्यंत कितीतरी चुली विझलेल्या असत. कोरोनाच्या वर्षात मी जागतिक अन्न कार्यक्रमाचा ‘हंगरमॅप लाइव्ह’ पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तीच जुनी नजर मला त्यात ओळखता आली. भाव, पाऊस, पिकांची हिरवळ, लढाया हे सगळं तिथं रोज मोजलं जातं, आणि जिथून पाहणीचे आकडेच येत नाहीत तिथं मशीन लर्निंगनं अंदाज बांधतात. आफ्रिकेतल्या टोगो देशानं तर २०२० मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांवरून गरीब भाग शोधले, मोबाइलच्या वापरावरून त्यांतली गरीब माणसं शोधली आणि मदतीचे पैसे थेट त्यांच्या फोनवर धाडले. आज्जीला हे सांगता आलं असतं तर ती हरखली असती. आणि लगेच विचारलं असतं, ज्याच्याकडं फोनच न्हाई त्याचं काय?

हा प्रश्न पेवालाही लागू होता, हे मला आता कळतं. ज्याला जमीन नव्हती, त्याच्या अंगणाखाली पेव नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांना सुकडी आणि रेशनवरच्या परदेशी तांबड्या मिलो ज्वारीनं तारलं, आमच्या पेवानं नाही. एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो धान्य फुकट मिळू लागलं, तेव्हा कितीतरी घरांत तेवढाच आधार होता. म्हणून जुनं ते सगळं सोनं म्हणायला माझं मन धजत नाही.

पण आजाऱ्याच्या पथ्याच्या बाबतीत मी जुन्या स्वयंपाकघराकडेच झुकते. ताप असेतो भाताची पेज आणि लाह्यांचं पाणी. तो उतरला की मुगाचं कढण, मग मेतकूट-तूप घातलेला मऊ भात, आणि तोंडाला चव आल्यावरच भाकरीचा पापुद्रा, दुधात कुस्करून. कुणाला काय सोसतं, कोण लाजून कमी खातं, हे वाढणाऱ्या बाईला ठाऊक. कोरोनातून उठल्यावर माझ्या भाचीनं मला मोबाइलवर आहाराचं एक ॲप घालून दिलं. ताटाचा फोटो काढला की प्रथिनं किती, उष्मांक किती ते क्षणात सांगायचं. थालीपीठाला मात्र ते पराठा समजलं आणि कढण त्याच्या यादीतच नव्हतं. तरी त्यानं एक गोष्ट मला नीट दाखवली: अशक्तपणात माझ्या ताटात डाळ फार कमी पडत होती. पेज-भातावर मी महिनाभर काढला असता. यंत्राचा हा हिशेब मला मनापासून पटला, आणि रोजचं कढण मी त्याच्याच सांगण्यावरून वाढवलं.

हे ॲप शिकलं ते कुणाच्या ताटांवरून, हा प्रश्न म्हणूनच मोलाचा आहे. आमच्याकडचं हुलग्याचं माडगं, डोंगरातली नाचणीची आंबील, वरई, रानभाज्या त्याला कुणी दाखवल्याच नाहीत, तर पुढच्या साथीत ते आम्हाला इथल्या बाजारात न मिळणारं काहीतरी खायला सांगेल. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. तिथं जपलेल्या वाणांपासून रांधलेले पदार्थही या यंत्रांच्या यादीत गेले पाहिजेत, असं मला फार वाटतं.

आणि हे पदार्थ यादीत घालणार कोण? टाळेबंदीत अंगणवाडीतला गरम आहार बंद झाला, तेव्हा सेविकांनी कोरडा शिधा घरोघरी पोचवला. मानमोडीत कण्या ठेवून जाणाऱ्या बाईचंच हे काम. कुठलं पोर सुकलं, कुठल्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, हे त्यांना उपग्रहाच्या आधी कळतं. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले आणि पोषणाच्या नोंदींचं सरकारी ॲप, ‘पोषण ट्रॅकर’, मराठीत द्या म्हणून आग्रह धरला. मला त्यांचं म्हणणं शब्दन् शब्द रास्त वाटतं. चांगला फोन, मराठी रकाने आणि त्यांत माडगं, आंबील, कढण लिहायला जागा, एवढं त्यांच्या हाती द्यायला पुढच्या साथीची वाट पाहू नये.