पंधरा मीटर तार

गृहस्थाच्या संसारांत कांहीं कामें अशीं असतात कीं, तीं कारागिराला सांगितलीं तर तासाभरांत उरकतात, आणि स्वतः हातीं घेतलीं तर आठवडा पुरत नाहीं. तरीहि मनुष्य तीं स्वतःच हातीं घेतो. गेल्या दिवाळीच्या सुटींत मींहि असेंच एक काम अंगावर ओढून घेतलें. चिरंजीवांच्या खोलींतल्या संगणकावरचे खेळ दिवाणखान्यांतल्या टेलिव्हिजनवर खेळतां यावेत, अशी व्यवस्था मला करावयाची होती.

खेळांची मला फारशी आवड नाहीं, हें आधींच कबूल केलेलें बरें. खरें कारण निराळें होतें. चिरंजीव दहावींत गेल्यापासून त्यांच्या खोलीचें दार नेहमीं लोटलेलें असे. आंतून बटणांची टिकटिक ऐकूं येई, मधूनच हसणें ऐकूं येई. मी दार उघडलें कीं दोन्ही थांबत. "अभ्यास झाला?" असें मी विचारीत असें आणि "हो, बाबा," असें तो म्हणे. एवढ्यावर आमचें संभाषण आटपे. मुलाला खोलीबाहेर काढतां येत नसेल, तर निदान त्याचा खेळ तरी बाहेर काढावा. खेळापाठोपाठ तोहि येईल, असा माझा डाव होता.

कल्पना तशी सोपी आहे. खेळ चालतो संगणकावरच. संगणक चित्र तयार करतो, त्याची घट्ट घडी घालतो आणि घरांतल्याच जाळ्यांतून तें टेलिव्हिजनकडे धाडतो. टेलिव्हिजन ती घडी उलगडतो. आपण हातांतल्या कंट्रोलरचें बटण दाबलें कीं, तो निरोप उलट वाटेनें संगणकाकडे जातो. संगणकावर यासाठीं जो प्रोग्राम बसवावा लागतो त्याचें नांव 'सनशाइन', आणि टेलिव्हिजनवरच्या प्रोग्रामचें 'मूनलाइट'. हा दुसरा अमेरिकेंतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं सुरू केलेला. चंद्राला स्वतःचें तेज नसतें, तो सूर्याचें उसनें घेतो. या नामकरणांतली रसिकता पाहून माझ्यांतला जुना वाचक प्रसन्न झाला. टेलिव्हिजनवर चार आंकडे उमटले, ते मुलानें संगणकांत भरले, आणि सूर्यचंद्रांची ओळख पटली.

परंतु ओळख पटणें निराळें आणि संसार होणें निराळें. पुण्याच्या पेठेंतलें आमचें घर जुनें. भिंती दीड फूट जाडीच्या. राउटर दिवाणखान्यांत, संगणक मागच्या खोलींत. ५ गिगाहर्ट्झच्या बिनतारी लहरी मोठ्या वेगवान, पण दोन भिंतींतच त्यांचा दम निघे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडीत खऱ्या, पण त्या वाटेवर साऱ्या आळींतल्या राउटरांची झुंबड. शिवाय हवेंतून एक बोलत असतां दुसऱ्यानें थांबावें लागतें, हा बिनतारी संभाषणाचा नियमच आहे.

आम्हीं 'ओव्हरकुक्ड' नांवाचा, २०१६ सालीं निघालेला खेळ लावला. त्यांत खेळणाऱ्यांनीं आचारी होऊन एकाच स्वयंपाकघरांत कांदे चिरावयाचे, सूप शिजवावयाचें आणि वेळेवर ताटलींत वाढावयाचें. मी बटण दाबीं, आणि माझा आचारी क्षणभर चिंतन करून मग हाले. तोंवर पातेलें पेटलेलें असे. जप करतां करतां आई म्हणाली, "अरे, कांदा लागतोय खालीं! गॅस बंद कर कीं!" गॅस बंद करण्याची सोय त्या खेळांत नव्हती.

मला एक कोडें मात्र उलगडेना. याच टेलिव्हिजनवर, याच हवेंतून येणारे सिनेमे अगदीं सुरळीत दिसतात; मग चार पावलांवरून येणारा खेळच कां अडखळावा? मी मुलाला विचारलें. त्याला मी कांहीं विचारावें आणि तें अभ्यासाविषयीं नसावें, हें बऱ्याच दिवसांनीं घडत होतें.

"बाबा, सिनेमा आधींच तयार असतो," तो म्हणाला. "टीव्ही पुढचा भाग अगोदरच आणून ठेवतो. वाटेंत खोळंबा झाला तरी साठा असतो. खेळाचा साठा कसा करणार? तुम्ही बटण दाबेपर्यंत पुढचं चित्र जन्मालाच आलेलं नसतं."

सेकंदाला ६० चित्रें, आणि त्यांतलें एकहि आधीं ठरलेलें नाहीं! त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप लागली नाहीं. मुलाशीं बोलतांना मी आजवर सिनेमाच दाखवीत आलों होतों. माझें पुढचें वाक्य, त्यापुढचा उपदेश, सारें साठवून तयार असे. तो मध्यें काय म्हणाला यावर त्यांतलें कांहींच अवलंबून नसे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तार आणली. सरळ रेषेंत १२ मीटर पुरली असती. पण "देवघरावरून तार जाऊं देणार नाहीं," असा आईचा निकाल झाला, आणि स्वयंपाकघराला वळसा घालतां १५ मीटर लागली. या तारेच्या पोटांत आठ बारीक तारा असतात, दोन दोन एकमेकींना पीळ घातलेल्या. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडे दोघींतला फरक तेवढा वाचला जात असल्यामुळें तो वजा होऊन जातो. टोकाला कनेक्टर बसवतांना त्या ठराविक क्रमानें लावाव्या लागतात. मुलगा क्रम वाचीत होता, मी लावीत होतों. पांढऱ्या-हिरवीशेजारीं हिरवीच असावी, हें मला इतकें स्वाभाविक वाटलें कीं, त्यानें "निळी" म्हटलेलें मीं ऐकलेंच नाहीं. राउटरचा दिवा लागेना. मुलगा रागावला नाहीं. त्यानें टोक कापलें आणि पुन्हां पहिल्यापासून वाचूं लागला. या वेळीं मीं प्रत्येक रंग ऐकला. दिवा लागला. टेलिव्हिजनलाहि एक आंखूड तार जोडली, आणि तो चित्राला जें नटवीत बसे तें 'गेम मोड' लावून बंद केलें. नटवण्यांतहि वेळ जातो.

त्या संध्याकाळीं माझा आचारी हुकमासरशीं पळूं लागला. आम्ही दोघे शेजारीं बसलों होतों, नजरा पडद्यावर होत्या. मी कांदे चिरीत असतां, माझ्याकडे न पाहतां मुलगा एकदम म्हणाला, "बाबा, मला अकरावीला सायन्स घ्यायचं नाहीं."

या विषयावरचें माझें व्याख्यान गेलीं दोन वर्षें तयार होतें. तें ओठांपर्यंत आलें, आणि मीं तें गिळलें.

"मग काय घ्यावंसं वाटतं?" मीं विचारलें.

तो बोलूं लागला. पातेलें पेटलें, आई ओरडली, आणि आम्हां दोघांपैकीं कोणीहि तें विझवावयास गेलें नाहीं. त्याचें सारेंच मला पटलें असें नाहीं. पण पुढचें वाक्य मला आधीं ठाऊक नव्हतें, हें मात्र खरें.

तार चौकटींतून गेल्यामुळें त्याच्या खोलीचें दार आतां पुरतें लागत नाहीं. सुतार बोलावून भोंक पाडून घ्यावें, असें घरांतून सुचवण्यांत आलें आहे. बोलावीन कधीं तरी. सध्यां तरी मुलाची कांहीं तक्रार नाहीं.