मागणीपत्रात न बसलेला माणूस

नाशिकमधल्या सातपूर-अंबडचे चार निवृत्त कामगार सिडकोच्या कट्ट्यावर बसले आणि युनियनचा विषय निघाला नाही, असं होत नाही. पाचव्या मिनिटाला गेट मीटिंग सुरू! ऐंशीच्या दशकातलं मागणीपत्र म्हणजे काय थाट होता. महागाई भत्ता आणि बोनस तर असायचेच, पण साबणाची वडी, गमबूट, फाउंड्रीवाल्यांना गूळ, कँटीनच्या उसळीतलं तेल, सगळ्यावर कलमं. दारू पिऊन आलेल्या गड्याला कंपनीनं काढलं तरी कमिटी त्याच्यासाठी मॅनेजरच्या केबिनबाहेर ठाण मांडायची. १९७१चा ‘एमआरटीयू-पल्प’ कायदा, त्यातली अनुचित प्रथांची यादी, इंग्रजीशी वाकडं असलेल्यालाही तोंडपाठ. दर १४ एप्रिलला गेटवर १९३०च्या काळाराम सत्याग्रहाची आठवण निघायची आणि ‘समता’ म्हटलं की टाळ्या पडायच्या. भालेकर मैदानावरून निघालेला मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत पोचेस्तोवर घसे बसलेले असायचे.

आजच्या पोरांना हे सांगितलं की ती परीकथा ऐकल्यासारखी बघतात. बघणारच. त्यांची नोकरी ठेकेदाराच्या वहीत.

पण त्या वैभवात एक माणूस कुठेच बसत नव्हता, हे कट्ट्यावर कुणी काढत नाही. आमच्या प्रेस शॉपला एक ऑपरेटर होता. हात असा की डाय सेट करायला फोरमन त्यालाच हाक मारायचा. कंपनीच्या गणपतीत नऊवारी नेसून त्यानं लावणी केली की शिट्ट्यांनी शेड दणाणायची. विसर्जन झालं की त्याच शिट्ट्या कंपनीच्या बसमध्ये, वेगळ्या अर्थानं. ‘बायल्या’ ही त्यातली सौम्य हाक. पाळी सुटल्यावर सगळे नळावर हातपाय धुऊन कपडे बदलायचे. हा तेलकट कपड्यांतच घरी जायचा. एकदा कमिटीकडे गेला. ‘भाऊ, लॉकरपाशी अंगाला हात लावतात, कपडे लपवतात.’ कमिटीवाला माणूस वाईट नव्हता. पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘पोरं मस्करी करतात रे. लग्न कर, सगळं बंद होईल.’ पुढे त्या ऑपरेटरनं राजीनामा दिला. कारण लिहिलं, घरगुती अडचण. हातात कायमची ऑर्डर असलेला माणूस त्या काळी नोकरी सोडत नसे, तरी कुणाला नवल वाटलं नाही. तो समलिंगी होता की नुसता नाजूक चालीचा, कोण जाणे. अंगाला हात लावणं ही तक्रार ऐकायला ते कळण्याची गरजही नव्हती.

गंमत बघा, त्याच सुमारास दूर ब्रिटनमध्ये उलटंच काहीतरी चाललं होतं. १९८४-८५ला तिथले खाणकामगार वर्षभर संपावर होते. लंडनमधल्या समलिंगी तरुण-तरुणींनी डबे फिरवून वेल्सच्या खाणकामगारांसाठी पैसे जमवले. खाणकामगार ते विसरले नाहीत. १९८५च्या जूनमध्ये लंडनच्या प्राइड मोर्चात ते आपले बॅनर घेऊन सामील झाले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव मंजूर झाला, त्याच्या पाठीशी खाणकामगारांची युनियन होती. डबे आम्हीही फिरवले होते, १९८२च्या गिरणी संपासाठी. आमचा डबा मात्र ओळखीच्या दारांपलीकडे गेला नाही.

कायदाही त्या वेळी टवाळांच्याच बाजूचा होता म्हणा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर असताना तक्रार कुठे करणार? दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ला ते कलम बोथट केलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ला परत धार लावली आणि ६ सप्टेंबर २०१८ला ती कायमची काढली. मधे २०१४ला तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मिळाला. २०१९च्या कायद्यानं तर नोकरीत आणि बढतीत त्यांच्याशी भेदभाव करायला सरळ बंदी घातली. प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ला तृतीयपंथीयांना कामावर घेतलं तेव्हा त्यांचे गणवेशातले फोटो पेपरात बघून मला त्या प्रेस शॉपवाल्याचं वय मोजावंसं वाटलं.

या सगळ्यात युनियन कुठे होती? आपल्याकडे सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेनं १९९६पासून जे संघटन उभं केलं, त्याच्या परिवारात तृतीयपंथीयही आले. मोठ्या कारखान्यांतल्या युनियननी त्यातून धडा घेतल्याचं मला दिसलं नाही. नव्या कामगार संहितांविरुद्ध ९ जुलै २०२५ला देशभर संप झाला आणि तो योग्यच होता, माझं मत आजही तेच. नोव्हेंबरात संहिता लागू झाल्याच. आणि त्याच संहितांमध्ये पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी कामगारांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं आणि लॉकर रूम आहेत! हे कलम आमच्या मागणीपत्रातून जायला हवं होतं. साबणाच्या वडीसाठी भांडणाऱ्यांना लॉकर सुचला नाही.

आता जून आला की बड्या कंपन्यांच्या बोधचिन्हांना इंद्रधनुष्याचे रंग चढतात. ते ऑफिसातल्यांसाठी. शॉप फ्लोअरवरच्या ठेक्याच्या पोराला धोरणाचा कागद कोण दाखवतो? शिवाय २०१९चा कायदा तृतीयपंथीयांपुरता. समलिंगी कामगाराला खासगी कारखान्यात भेदभावापासून वाचवणारं स्पष्ट कलम अजून नाही. लग्नाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ला नकार दिला. त्यामुळे ग्रॅच्युइटीचा नामनिर्देशनाचा फॉर्म समोर आला की आई-वडील अवलंबून असलेला माणूस पंधरा वर्षं सोबत असलेल्या जोडीदाराचं नाव लिहू शकत नाही. बँकेत संयुक्त खातं उघडून जोडीदाराला नामनिर्देशित करता येईल, असा खुलासा केंद्र सरकारनं २०२४ला केला, तेवढाच दिलासा.

ग्रॅच्युइटीचा कायदा कमिटीच्या हातात नाही, करार मात्र आहे. मेडिक्लेममध्ये आई-वडील घ्या म्हणून आम्ही भांडलो आणि घेतले; जोडीदार घ्यायला कोणता कायदा आडवा येतो? येत्या वर्षी ज्यांचा करार संपतोय, त्या कमिट्यांनी मसुदा टाइप करायला देण्याआधी २०१९च्या कायद्याचं भेदभावबंदीचं कलम ९ समोर ठेवावं, मसुद्यात उतरवताना त्यात ‘लैंगिक कल’ एवढं वाढवावं आणि ठेक्याचे कामगारही त्यात मोजावेत.