एका ओळीवरून

ऑपरेशननंतर अँटिबायोटिक किती दिवस द्यायचं, या एका ओळीवरून आमची अख्खी सभा फिसकटली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

टाके पिकू नयेत म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या छोट्या नर्सिंग होमसाठी एक समान कार्यपद्धती लिहायला आम्ही काही सर्जन बसलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी होती. ती आपल्याकडे चालतील अशी उतरवायची, एवढंच काम. हात धुणं, निर्जंतुकीकरण वगैरे पटापट मान्य झालं. रेझरवर थोडी कुरकुर झाली. रेझरने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंचं फावतं, म्हणून केस काढूच नका, अगदीच लागले तर क्लिपर वापरा, असं तत्त्व आहे. क्लिपरचा खर्च कोणी करायचा, यात चहा गार झाला.

मग वेळेचा मुद्दा. अँटिबायोटिकचा डोस चीर देण्याआधीच्या १२० मिनिटांत जायला हवा. आमच्याकडे सिस्टर तो वॉर्डातच देऊन मोकळ्या होतात. भूलतज्ज्ञ मात्र कल्याणची केस आटोपून स्कूटरवर निघालेला असतो आणि पत्रीपुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. पेशंट टेबलवर, सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक रक्तातून उतरायला लागलेलं, आणि फोनवर "आलोच सर, पाच मिनिटं." संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात बसून तत्त्वं लिहिणाऱ्यांना पत्रीपूल कुठून माहीत असणार? म्हणून आम्ही लिहिलं: इंजेक्शन वॉर्डात नाही, थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञ आत आल्यावर. त्या वाक्याचा मला आजही अभिमान आहे.

आणि मग ती ओळ. ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक अँटिबायोटिक पुढे चालू ठेवू नये. जास्तीच्या डोसांनी टाक्यांना फायदा होत नाही, जंतू मात्र निर्ढावतात. एक ज्येष्ठ सर्जन उठले. "मी आयुष्यभर पाच दिवस देत आलोय. माझे टाके पिकत नाहीत." मी म्हटलं, "सर, न देताही पिकले नसते." झालं! माझं वय, माझा अनुभव, सगळं निघालं. कोणी म्हणालं, हा कागद उद्या ग्राहक न्यायालयात आपल्याविरुद्धच दाखवतील. दुसऱ्याने विचारलं, नातेवाईक काचा फोडायला येतील तेव्हा त्यांना जिनिव्हाचा कागद वाचून दाखवायचा का? रात्र झाली, सगळे कंटाळले, आणि ओळीच्या शेवटी चिकटवलं गेलं: 'किंवा सर्जनच्या मर्जीनुसार'. मर्जीनेच चालायचं होतं तर एवढे कागद काळे कशाला केले?

तरी खरं सांगायचं तर त्यांची भीती खोटी नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१०चा कायदा आहे, पण काचा फुटायच्या थांबलेल्या नाहीत. बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर एकट्याने नर्सिंग होम चालवत असतो, तर कदाचित मीही तेच शब्द मागितले असते. पण मग त्याला मार्गदर्शक तत्त्व म्हणू नये.

तुमचं ऑपरेशन ठरलं असेल तर आदल्या रात्री घरी रेझर लावू नका. आणि डिस्चार्जच्या कागदावर पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिसलं तर ते कशासाठी, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.