खाऱ्या हवेतला अँप

गाडीत अँप बसवायला आलेल्या माणसाला मी वॉट विचारत नाही. विचारतो ते एवढंच, की वर्षभरात डिकीत काय काय जातं? माणूस जरा गोंधळतो, मग आठवून सांगू लागतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, त्यानंतर फणस, चतुर्थीला गणपतीचं सामान, बाराही महिने नारळ, अधूनमधून बर्फातली मासळी. मुंबईहून पाचएकशे किलोमीटर गाडी हाकत येणाऱ्या चाकरमान्याची निम्मी डिकी तर सीएनजीच्या टाकीनेच अडवलेली असते. "माका आवाज होयो, पण डिकी पण होयी," असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा त्याचं काही चुकत नाही. दोन्ही द्यायचं, हेच तर माझं काम.

जागा बघताना मी आधी पाण्याचा विचार करतो. स्टेपनीचा खड्डा सगळ्यांना आवडतो. अँप दिसत नाही, सामानाला अडथळा नाही. पण मागच्या दाराचं रबर जुनं झालं की पावसाचं पाणी तिथेच उतरतं आणि मासळीच्या बर्फाचंही तिथेच साठतं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे तो खड्डा मी मोकळाच सोडतो. वूफरच्या खोक्यावर अँप ठोकणं सोपं असतं, पण खोकं दिवसभर हादरत राहतं, स्क्रू सैल होतात आणि कधी आतला डागही सुटतो. मागच्या ट्रेखाली अँप उलटा टांगला, तर उष्णता पात्यांतून वर निघून जाण्याऐवजी सर्किटकडेच चढते. राहतात दोन जागा, मागच्या सीटची पाठ आणि डिकीची बाजूची भिंत. माझा कल भिंतीकडे. तिथे पाती उभी ठेवता येतात, गरम हवा आपसूक वर जाते आणि पेटी सरकली तरी थेट अँपवर आदळत नाही. सीटच्या पाठीवर बसवायचा असेल तर सीट पाडून, पुन्हा उभी करून पाहतो, आणि मधे मरीन प्लाय घालतो. एमडीएफ इथल्या दमट हवेत बिस्किटासारखा फुगतो.

उष्णतेचा हिशेब कागदावर सोपा आहे. ५०० वॉटचा क्लास डी अँप ८० टक्के कार्यक्षमतेने चालला, तर पूर्ण जोरात तो बॅटरीकडून ६२५ वॉट ओढतो. म्हणजे गाडी चालू असतानाच्या १३.८ व्होल्टला साधारण ४५ अँपिअर. वरचे १२५ वॉट नुसती उष्णता. जुन्या क्लास एबीत निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेतच जाते. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं म्हणून निभावतं, पण मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी आधीच तापलेली असते. म्हणून अँपच्या भोवती चार बोटं मोकळी जागा ठेवतो आणि त्यावर कार्पेट चढवू देत नाही.

खरी परीक्षा अर्थिंगची. लाल वायरीकडे सगळे लक्ष देतात. बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज, पत्र्यातून जाताना रबरी बुश, आरसीएच्या तारा दुसऱ्या बाजूने, हे आता नवखी पोरंही नीट करतात. काळी वायर मात्र जवळ दिसेल त्या स्क्रूला अडकवली जाते. पण जेवढा करंट लाल वायरीतून येतो, तेवढाच काळीतून परत जातो. त्या सांध्यात ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी ४५ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि वीस वॉट उष्णता त्या एका बोल्टवर साठते. मग बेसचा ठोका पडला की आवाज बसतो, किंवा एक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी चढत जाते, आणि दोष अँपला लागतो.

कुडाळ-कणकवलीच्या गाडीत हा सांधा बरीच वर्षं टिकतो. देवबागच्या गाडीचं तसं नाही. तिथे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीचं पात्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. गाडी जिथे उभी कराल तिथे खारं वारं लागतंच. बंदरावर ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताच्या वड्या लावतात. समुद्र आधी जस्त खातो, तोवर बाकीचं लोखंड वाचतं. गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात जस्त चढवतात तेही याचसाठी. अर्थिंगसाठी पत्रा घासून पांढरा करताना रंगाबरोबर ते जस्तही जातं, आणि उघड्या लोखंडाला तांबं टेकलं की खाऱ्या ओलाव्यात लोखंडच आधी गंजतं. म्हणून थिंबल कल्हई केलेलं, खाली दातेरी वॉशर, बोल्ट स्वतंत्र. सीटबेल्टच्या बोल्टला मी हात लावत नाही. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा पाइप कुठून जातो ते पाहतो. आधी घट्ट आवळायचं, मग वरून रंग, मग व्हॅसलीन. हा क्रम उलटला तर धातूला धातू लागतच नाही. शेवटी वायर ब्लेडने खरवडून पाहतो. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहतं आणि सांध्यावर पांढरी भुकटी धरतं.

आवाज लावताना गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे समजावण्यात बराच वेळ जातो. १०० वॉट, ४ ओहम म्हटलं की मल्टिमीटरवर २० व्होल्ट एसी. तिथे बटण थांबवायचं. त्यापुढे वाढतो तो आवाज नाही, फाटलेपणा. मीटरनंतर कान. आमच्याकडे डबलबारीच्या भजनाइतकी चोख कसोटी नाही. पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीचा नाद घुमून लगेच थांबायला हवा. पुढच्या बोलावर तो सांडला, तर वूफरचा कट ८० हर्ट्झच्या खाली आणतो. वरची झांज कानाला टोचली तर पुढचे स्पीकर तपासतो. वूफर नुसता दणाणतोय आणि बुवांचे शब्द कळत नाहीत, अशी गाडी मी परत देत नाही.

गिऱ्हाईक पैसे देतं ते आवाजाचे. मी मात्र आपलं काम पावसाळ्यांवर मोजतो. गाडी घेऊन जाताना आनंद सगळ्यांनाच होतो. चौथ्या श्रावणातही तोच नाद येत असेल, तर काम जमलं. त्यासाठी गाडीवाल्यानेही थोडं करायचं असतं. काळ्या वायरीचं टोक आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात, गाणं मोठ्याने चालू असताना, पाव व्होल्टच्या वर फरक दिसला तर सांधा उघडून पुन्हा घासावा. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालताच ना, तेव्हाच डिकीचं कार्पेट उचलून बघा. हिरवं काही दिसलं तर त्याच आठवड्यात या, दिवाळीच्या गर्दीची वाट पाहू नका.