दोन बाणांचा मेसेज

व्हॉट्सॲपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले, की तो निदान पाच फॉरवर्ड पार करून आपल्यापर्यंत आलाय असं समजायचं. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. एप्रिल २०२० पासूनचा हा नियम. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला त्यामागच्या काउंटरचं भारी कौतुक आहे. मेसेज एन्क्रिप्टेड असल्याने आत काय लिहिलंय ते कंपनीला वाचता येत नाही. पण मेसेजसोबत फॉरवर्डचा आकडाही प्रवास करतो आणि आपल्या फोनमधलं ॲप तो बघून पुढचं ठरवतं. मजकूर खरा की खोटा, या भानगडीत कुणी पडतच नाही.

या सगळ्याची सुरुवात २०१८ची. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच माणसं मारून टाकली. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनाफोनी पसरली होती. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात. नेमकं तेवढंच कुणीतरी कापलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा जाहीर केली.

माझा एक मित्र याला सेन्सॉरशिप म्हणतो. मला पटत नाही. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या लाइक केल्या होत्या. सेन्सॉरशिप ती. त्यामागचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केलं. पुढे २०२३मध्ये केंद्र सरकारने नियम आणला, की सरकारी कामकाजाबद्दल खोटं काय ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट सांगणार. म्हणजे पेपर लिहिणाराच तपासणार! कुणाल कामरा वगैरे मंडळी कोर्टात गेली आणि सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम बाद केला.

पण काउंटर मुका असतो, हेही खरंच. एप्रिल २०२१मध्ये आम्ही पुण्यात आत्यासाठी ऑक्सिजन बेड शोधत होतो. हॉस्पिटलांची नावं आणि नंबर असलेले दोन बाणांचे मेसेज येत होते, आणि मी ते इतर गरजूंसाठी एकेका ग्रुपला पाठवत बसलो होतो. एका नंबरवर फोन केला तर पलीकडचा माणूस थकल्या आवाजात म्हणाला, ‘‘दादा, ते बेड परवाच संपले.’’ मेसेज खोटा नव्हता, शिळा होता. किती वेळा फॉरवर्ड झाला ते काउंटरला कळतं, किती तास झाले ते नाही. आणि हातातली खरी खबर शिळी होण्यात त्या एकेक चॅटचाही वाटा असणारच. बेड शेवटी मिळाला तो काकांच्या ओळखीतून.

आत्या आता ठणठणीत आहे. रोज सकाळी आवळ्याचे चमत्कार पाठवते, दोन बाणांचे. एका वेळी एकच चॅट, म्हणून एकेका ग्रुपला वेगवेगळे. रिटायर झाली आहे, वेळच वेळ आहे तिच्याकडे.